गोळाफेकीत ४५ अंशांचा कोन का लागू पडत नाही

नमस्कार. तुमचा प्रश्न मी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुमची मुलगी पंधरा वर्षांची आहे, तीन किलोचा गोळा फेकते आणि गेल्या हंगामात तिची सर्वोत्तम फेक ९.८५ मीटर होती. मोठ्या मुलाच्या अकरावीच्या पुस्तकात ‘४५ अंशांच्या कोनात फेकलेली वस्तू सर्वांत लांब जाते’ हे तुम्ही वाचले, दोन बांबूंना उंचावर दोरी बांधली आणि दोन महिने तिच्याकडून त्या दोरीवरून गोळा टाकण्याचा सराव करून घेतला. आता तिची फेक ९.३० मीटरवर आली आहे. तिचे सर पहिल्यापासून ‘खाली ठेव, पुढे मार’ असेच सांगत होते. तुम्ही विचारता की चूक पुस्तकाची आहे की सरांची.

माझ्या मते दोघांचीही नाही. पुस्तकाने ज्या प्रश्नाचे उत्तर दिले आहे तो तुमच्या मुलीचा प्रश्नच नाही. मी २६ वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि त्यातली निम्म्याहून अधिक वर्षे संध्याकाळी मैदानावर फेकीच्या खेळाडूंचे चित्रण करून त्यांचे वेग आणि कोन मोजून देतो. वर्गातले सूत्र मैदानावर नेताना कोणती गृहीतके वाटेत गळून पडतात, हे मला पुस्तकापेक्षा मुरुमात पडलेल्या गोळ्याच्या खड्ड्यांनी जास्त शिकवले. त्या आधारावर सविस्तर लिहितो.

आधी ४५ अंशांमागचे कारण पाहू. गोळा हातातून सुटला की त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाशिवाय दखल घेण्याजोगे दुसरे बल राहत नाही. त्याचा आडवा वेग शेवटपर्यंत तोच राहतो आणि उभा वेग दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होत जातो, शून्य होतो आणि मग उलट्या दिशेने वाढतो. या दोन्ही गती एकमेकींत ढवळाढवळ करत नाहीत, आणि म्हणूनच मार्ग अन्वस्ताचा (पॅराबोलाचा) होतो. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे भूमितीने सिद्ध केले. आता पल्ला म्हणजे आडवा वेग गुणिले हवेतला वेळ. कोन वाढवला तर वेळ वाढतो पण आडवा वेग घटतो; कोन कमी केला तर उलटे होते. सुटण्याची आणि पडण्याची पातळी एकच असेल, आणि वेग कोणत्याही कोनाला तेवढाच राहत असेल, तर या ओढाताणीचा तोल बरोबर ४५ अंशांवर साधतो.

या वाक्यातले दोन ‘असेल’ फार महत्त्वाचे आहेत. हे गणित मुळात तोफांच्या संदर्भात वाढले. तोफेचे तोंड जमिनीपासून हातभर वर असले तरी शेकडो मीटरच्या पल्ल्यापुढे ती उंची नगण्य ठरते, आणि दारू तीच भरली तर तोफ कुठल्याही कोनात उचलली तरी गोळ्याचा वेग जवळजवळ तोच मिळतो. (तोफगोळ्याला हवेचा रोध मात्र बराच होतो, पण तो वेगळा विषय.) तुमच्या मुलीचा हात ही तोफ नाही. तिच्या फेकीत ही दोन्ही गृहीतके मोडतात, आणि दोन्ही मोडल्याने योग्य कोन एकाच बाजूला, म्हणजे खाली सरकतो.

पहिले गृहीतक उंचीचे. गोळा तिच्या हातातून सुटतो तेव्हा जमिनीपासून साधारण १.७ मीटरवर असतो. तिची उंची मला माहीत नसल्यामुळे हा आकडा अंदाजाने धरतो. ९.८५ मीटरच्या फेकीवरून मागे हिशेब केला तर तिचा सुटतेवेळचा वेग ९ मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास येतो. आता पुस्तकातले सपाट जमिनीचे सूत्र जसेच्या तसे वापरून पाहा: ९चा वर्ग ८१, त्याला ९.८ने भागले की जास्तीत जास्त पल्ला ८.२७ मीटर येतो. तिने तर त्याहून दीड मीटर पुढे फेकले आहे! सूत्र तिच्या फेकीला लागू नाही हे एवढ्यावरूनच दिसते. हे जास्तीचे अंतर तिला प्रामुख्याने त्या १.७ मीटर उंचीने दिले.

ही उंची कोन खाली का आणते, ते असे समजून घ्या. गोळा चढून पुन्हा हाताच्या पातळीवर येतो, तिथपर्यंतचा हिशेब पुस्तकाप्रमाणेच आहे. त्याखाली तो आणखी १.७ मीटर पडतो, आणि पडण्याच्या त्या वेळात तो जे अंतर पुढे जातो ते आडव्या वेगावर अवलंबून असते. पडायला मिळणारा हा वेळ उंचीमुळे आयताच मिळालेला असल्याने आडव्या वेगाकडे थोडे अधिक झुकणे फायद्याचे ठरते. गणिताने हा कोन नेमका काढता येतो. वेगाच्या वर्गात, दोन गुणिले ९.८ गुणिले सुटण्याची उंची ही रक्कम मिळवायची, त्या बेरजेचे वर्गमूळ काढायचे आणि त्याने वेगाला भागायचे. उत्तर येते ते योग्य कोनाचे टॅन. ९ मीटर प्रतिसेकंद आणि १.७ मीटर घेतले तर कोन ४०.१ अंश येतो. गणिताची आवड असणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते, कारण मला ती फार सुंदर वाटते: या सर्वोत्तम कोनाला गोळा सुटण्याची दिशा आणि तो जमिनीवर आदळण्याची दिशा एकमेकींना काटकोनात असतात. ४० अंशांत सुटलेला गोळा ५० अंशांत उतरतो. सपाट जमिनीवर ४५ आणि ४५, हा त्याच नियमाचा एक खास प्रकार.

वेग ९ मीटर प्रतिसेकंद कायम राहिला असे मानून मी तिच्यासाठी तीन कोनांचे हिशेब केले. ४० अंशांना ९.८२ मीटर, ४५ अंशांना ९.७१ मीटर आणि ३५ अंशांनाही ९.७१ मीटर. म्हणजे वेगात काहीही घट झाली नाही असे धरले तरीसुद्धा, ३५ वरून ४५ अंशांवर जाण्याने तिला एका सेंटीमीटरचाही लाभ नव्हता. शिवाय सर्वोत्तम कोनापासून पाच अंश ढळल्यावर फक्त ११ सेंटीमीटर गेले, हेही ध्यानात ठेवा. कोन आणि अंतराचा आलेख काढला तर तो माथ्याजवळ फार सपाट असतो.

मग तिचे ५५ सेंटीमीटर कुठे गेले? ते दुसऱ्या गृहीतकात गेले, आणि माझ्या अनुभवात खरा घोळ नेहमी तिथेच असतो. कोन वाढवला की माणसाच्या हातून सुटणाऱ्या गोळ्याचा वेग कमी होतो. याला दोन कारणे आहेत.

एक कारण निव्वळ भौतिकशास्त्राचे. शेवटच्या धक्क्यात ती गोळा साधारण दीड मीटर अंतरावर ढकलते असे धरू. तिरका धक्का जितका उभट, तितका गोळा वर उचलण्यात तिच्या श्रमाचा मोठा वाटा खर्च होतो आणि वेग देण्यासाठी कमी उरतो. जोर तेवढाच राहिला तरी ३५ ऐवजी ४५ अंशांत ढकलताना, या दीड मीटरच्या हिशेबाने, वेग सुमारे ०.२ मीटर प्रतिसेकंदाने घटतो.

दुसरे कारण शरीराच्या रचनेचे. छातीसमोर आडवे ढकलताना छातीचे, खांद्याचे आणि दंडाचे मोठे स्नायू एकत्र काम करतात. डोक्याच्या दिशेने ढकलताना छातीचे स्नायू पुरेसे कामी येत नाहीत. व्यायामशाळेत जाणाऱ्या कोणालाही विचारा, बाकावर उताणे झोपून तो जेवढे वजन उचलतो तेवढे उभ्याने डोक्यावर ढकलू शकत नाही. त्यात उंच दोरीकडे पाहून फेकणारी मुले कमरेतून मागे वाकतात, त्यामुळे मागच्या पायाचा आणि कमरेच्या वळणाचा जोर गोळ्यापर्यंत पोहोचण्याआधीच निसटतो. हे मी इतक्यांदा चित्रणात पाहिले आहे की तुमच्या मुलीचे चित्रण न पाहताही, तिच्या बाबतीत हेच घडले असावे असे मला वाटते. अर्थात खात्री चित्रणाशिवाय होणार नाही.

आता आकडे जुळवून पाहू. दोरी बांधण्यापूर्वी ती ३५ अंशांच्या आसपास फेकत होती असे धरले, तर ९ मीटर प्रतिसेकंदाने गोळा हातापासून ९.७१ मीटर जातो. मोजमाप मात्र हातापासून होत नाही. ते वर्तुळाच्या पुढच्या लाकडी फळीच्या आतल्या कडेपासून होते, आणि गोळा सुटताना हात त्या कडेच्या थोडा पुढे गेलेला असतो. ते १४-१५ सेंटीमीटर मिळवले की ९.८५ मीटर होतात. ४५ अंशांना वेग ८.७ झाला असे धरले, म्हणजे फक्त ०.३ची घट, तर गोळा ९.१६ मीटर जातो आणि वरचे अंतर मिळवून फेक ९.३० मीटर होते. तुमचे दोन्ही आकडे इतक्या लहानशा घटीने उलगडतात. हा पुरावा नव्हे, कारण उंची, मूळ कोन आणि हाताची पोच मी अंदाजाने धरली आहे, पण तिची ताकद गेली किंवा तिचा आत्मविश्वास खचला असे समजण्याची काहीही गरज नाही, इतके यातून नक्की दिसते.

दर अंशामागे ०.०३ मीटर प्रतिसेकंद ही घट कायम धरून पुढे हिशेब केला, तर ४० अंशांना ९.५४, ३५ अंशांना ९.७१, ३२ अंशांना ९.७० आणि ३० अंशांना ९.६६ मीटर येतात (हे सगळे हातापासूनचे अंतर). म्हणजे तिचा स्वतःचा सर्वोत्तम कोन ३३ ते ३५ अंशांच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि कोणी काही सांगण्यापूर्वी ती बहुधा तिथूनच फेकत होती. पुरुषांचे आणि महिलांचे जागतिक दर्जाचे गोळाफेकपटूसुद्धा बहुधा तिसांच्या वर आणि चाळिसाच्या खालीच गोळा सोडतात. लांब उडीत तर हाच प्रकार टोकाला जातो: धावण्याचा आडवा वेग एका पावलात वर वळवता येत नाही, म्हणून उत्तम उडी मारणारे २० अंशांच्या आसपासच झेप घेतात.

इथे एक प्रामाणिक नोंद करतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही एका विद्यार्थ्याला असाच ४५ अंशांचा सल्ला दिला होता. मुलगा आज्ञाधारक होता, महिनाभर त्याने तसे केले, आणि त्याच्या फेकी सतत मागे पडत गेल्या. मी त्याला ‘कोन अजून नीट साधत नाही’ असे सांगत राहिलो. त्याच्या आंतरशालेय स्पर्धेनंतर मी प्रथमच त्याच्या फेकी मोजल्या तेव्हा कळले की कोन त्याने अचूक साधला होता. त्या मुलाचा तो हंगाम परत आणता आला नाही याचे मला आजही वाईट वाटते, आणि तुम्हाला एवढे लांबलचक लिहिण्यामागे तेही एक कारण आहे.

हवेचे काय, असे तुम्ही शेवटी विचारले आहे. तीन किलोच्या गोळ्यावर या वेगाला हवेचा रोध त्याच्या वजनाच्या जेमतेम अर्धा टक्का असतो. फेकीत दोन-चार सेंटीमीटरचा फरक पडतो. तो विसरून जा. थाळी आणि भाल्याचे गणित मात्र हवेशिवाय करताच येत नाही, म्हणून तिथे यातला एकही आकडा वापरू नका.

खरी कमाई वेगात आहे. ३५ अंश कायम ठेवून वेग ९.० वरून ९.१ झाला तर फेक १८ सेंटीमीटरने वाढते, ९.५ झाला तर ९२ सेंटीमीटरने. सुटण्याची उंची ५ सेंटीमीटरने वाढली, म्हणजे हात पूर्ण सरळ झाल्यावर आणि पायाच्या चवड्यावर उंच होऊन गोळा सोडला, तर फेकही जवळजवळ तितकीच वाढते. कोनाच्या दोन-तीन अंशांची किंमत यापुढे किती थोडी आहे ते वरच्या आकड्यांत दिसतेच. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारी यांनी २०२४च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये एफ-४६ गटात (हातात व्यंग असलेल्या खेळाडूंच्या गटात) गोळा १६.३२ मीटर फेकून रौप्यपदक मिळवले. सुटण्याची उंची दोन मीटरच्या आसपास धरली, तर एवढ्या अंतरासाठी कोणताही कोन घेतला तरी सुमारे ११.८ मीटर प्रतिसेकंदापेक्षा कमी वेगात भागत नाही. कोन कितीही नेमका असला तरी तो वेगाची उणीव भरून काढू शकत नाही.

तुम्हाला मोजून पाहायचे असेल तर साधा फोन पुरतो, पण नीट मोजा. सेकंदाला २४० चित्रे घेणारे संथ चित्रण लावा. फोन तिपाईवर, वर्तुळाच्या बाजूला आठ-दहा मीटर अंतरावर, फेकीच्या रेषेशी बरोबर काटकोनात ठेवा. फेक सुरू होण्यापूर्वी गोळा ज्या रेषेत जाणार त्याच रेषेत एक मीटरची काठी उभी धरून तिचे चित्र घ्या. काठी फोनच्या जवळ धरली तर ती मोठी दिसते आणि वेग प्रत्यक्षापेक्षा कमी निघतो. मग गोळा बोटांतून सुटल्यापासून दहा चित्रे पुढे जा आणि तो किती आडवा व किती वर सरकला ते मोजा.

समजा, तो ३१ सेंटीमीटर पुढे आणि २१ सेंटीमीटर वर गेला. यावरून थेट कोन काढला तर ३४ अंश येतो. पण या दहा चित्रांच्या काळात, म्हणजे सेकंदाच्या चोविसाव्या भागात, गुरुत्वाकर्षणाने गोळ्याला ०.८५ सेंटीमीटर खाली ओढलेले असते. तेवढे २१मध्ये मिळवा, मग कोन ३५ अंशांच्या किंचित वर जातो आणि वेगही ९.० ऐवजी ९.१ येतो. इतक्या कमी अंतरावर एक सेंटीमीटरची मोजणीतली चूक कोनात अंशाहून जास्त फरक करते, म्हणून एका फेकीवर विश्वास ठेवू नका. पाच-सहा फेकींची सरासरी घ्या.

आता करायचे काय, तर आधी ती उंच दोरी काढा. ती पुन्हा बांधायचीच असेल तर सरांना विचारून, तिच्या जुन्या फेकीच्या मार्गाइतक्या उंचीवर बांधा. पहिले दोन आठवडे कोनाचा उल्लेखही तिच्यासमोर करू नका. दोन महिन्यांची सवय मोडायला तेवढा वेळ लागतो, आणि मनात आकडा घेऊन फेकणारे मूल हमखास हात आखडते. त्यानंतर एखाद्या दिवशी, ती थकलेली नसताना, चार फेकी नेहमीप्रमाणे, चार किंचित खाली आणि चार किंचित वर अशा करून घ्या आणि चित्रण करा. त्यातून तिचा कोन वाढला की तिचा वेग किती घटतो, हा तिचा स्वतःचा आकडा मिळेल. मी ०.०३ धरला आहे. खांदे मजबूत असलेल्या मुलीचा तो कमी असू शकतो, मग योग्य कोन ३६-३७ येईल. नवख्या मुलीचा जास्त असतो, मग तो ३० पर्यंतही खाली येतो. म्हणूनच एका मुलीचा कोन दुसरीला सांगता येत नाही आणि वयाबरोबर तिचाही तोच राहत नाही.

तिच्या सरांशी मात्र लवकर बोला. ‘खाली ठेव, पुढे मार’ हे त्यांनी गणित मांडून सांगितले नसेल, पण गणित केल्यावर तेच निघते. आणि मुलालाही हे आकडे करायला द्या, कारण पुस्तकातलीच दोन समीकरणे घेऊन, फक्त सुरुवातीची उंची शून्य न धरता, ती कुठलेही जास्तीचे शास्त्र न शिकता सोडवता येतात.

एक पुढची सूचना. १८ वर्षांखालील गटातून वर गेल्यावर तिला चार किलोचा गोळा घ्यावा लागेल. जड गोळ्याला सुरुवातीला वेग कमी मिळतो, आणि वेग कमी झाला की सुटण्याच्या उंचीचा प्रभाव वाढतो: वेग ८ मीटर प्रतिसेकंद असेल तर केवळ उंचीच्या हिशेबानेच योग्य कोन ४० वरून ३९ अंशांवर येतो, आणि जड गोळा वर ढकलणे हाताला अधिक कठीण जात असल्याने प्रत्यक्षात आणखी खाली येतो. तेव्हा त्या वर्षी गोळा आधीपेक्षा थोडा सपाट जाताना दिसला तर तो वर उचलायला सांगू नका. आधी चित्रण करून वेग बघा. वर सांगितलेल्या बारा फेकींचे आकडे इथे लिहिलेत तर तिचा कोन मी काढून देईन. सोबत तिची उंची आणि गोळा सुटतानाची हाताची उंची तेवढी कळवा.